आजोबांच्या नावची नोंद

जुन्या धर्मशास्त्रात कर्जाच्या वारशाचा एक नेमका हिशेब सांगितलेला आहे. बापाचं कर्ज मुलाने व्याजासकट फेडायचं. आजोबांचं कर्ज नातवानेही फेडायचं, पण नुसतं मुद्दल. व्याज त्याला माफ. पणतवाच्या हाती पणजोबांची काही मालमत्ता आली असेल तर तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी, नाहीतर तो मोकळा. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याने १८६६ साली कायदा करून ही जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने वाडवडिलांचं कर्ज फेडण्याचं हे धार्मिक बंधन पुढच्या कर्जांसाठी रद्दच केलं.

नियम गेला, पण त्यामागचा प्रश्न तसाच आहे. घराण्याची पत, ऐपत, मान आणि तितकीच घराण्याची हलाखीही आजोबांकडून नातवाकडे किती उतरते? आईवडिलांच्या हातून जेवढी येते तेवढीच, की आजोबांकडून थेट आणखी काही येतं?

आण्यांच्या भाषेत मांडलं तर हिशेब सोपा होतो. समजा, आजोबा चारचौघांपेक्षा एक रुपयाभर वर होते. त्यांच्या मुलाकडे त्यातले आठ आणे टिकले. मुलाकडून नातवाकडे जाताना पुन्हा निम्मे गळाले, म्हणजे चार आणे. पणतवाकडे दोन. गॅरी बेकर आणि नायजेल टोम्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९८६ साली असंच म्हटलं होतं, की पूर्वजांमुळे कमाईत पडलेला फरक, फायद्याचा असो की तोट्याचा, तीन पिढ्यांत जवळजवळ पुसला जातो. हे खरं असेल तर आजोबांची चौकशी करायचं कारणच उरत नाही. बाप पाहिला की मुलगा कळला.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या हिशेबावर शंका घेतली गेली. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मेअर यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अध्यक्षीय भाषणात सहकाऱ्यांना बजावलं, की तुम्ही दोनच पिढ्या पाहत बसला आहात, तिसरी पाहा. ताक विंग चान आणि विकी बोलिव्हर यांनी २०१३ साली ब्रिटनमधल्या तीन पिढ्यांची माहिती तपासली. आईवडिलांचा थर सारखाच धरला, तरी ज्यांचे आजोबा वरच्या पेशात होते त्या नातवंडांना अंगमेहनतीऐवजी वरच्या पेशात जाण्याची संधी किमान अडीचपट होती. स्वीडनमधल्या माल्मो शहरात १९३८ साली तिसरीत असलेल्या सगळ्या मुलांची नोंद झाली होती. त्या मुलांच्या आधीची एक पिढी आणि नंतरच्या दोन पिढ्या जोडून पाहिल्यावर तिथेही चार आण्यांपेक्षा जास्त शिल्लक निघाली. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये तर दोन अभ्यासकांनी १४२७ सालच्या करवहीतली आडनावं २०११ च्या करवहीशी ताडून पाहिली. आज ज्या आडनावांची कमाई सर्वांत मोठी, ती सहाशे वर्षांपूर्वीही वरच्या रांगेत होती.

यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. बापाची पत आपण मोजतो कशी? त्याच्या एका वर्षाच्या पगारावरून, नाहीतर त्याच्या पदावरून. माणूस आजारी असेल, धंदा बुडाला असेल, तर पगार कमी दिसतो. पण घरातली पुस्तकं, ओळखीपाळखी, बोलण्याची पद्धत, बायकोचं माहेर हे सगळं तसंच असतं. ग्रेगरी क्लार्क हे आडनावांवरून इतिहास शोधणारे अर्थतज्ज्ञ या मताचे आहेत. आजोबांचा म्हणून जो परिणाम दिसतो तो बापाचाच असतो, आपण बापाला नीट मोजलेलं नसतं इतकंच, असं ते म्हणतात. वाद मिटलेला नाही. मला मात्र वाटतं, की पगाराच्या आकड्यांवर हा वाद घालत राहण्यापेक्षा एखादा तालुका घ्यावा आणि आजोबांकडून काय काय खाली आलं ते वस्तू-वस्तूने पाहावं. पुणे जिल्ह्यातली मुळशी त्यासाठी जवळची आहे. इथे शंभर वर्षांत जमिनीने तीनदा हात बदलले आणि तिन्ही वेळा नातवाचं भवितव्य आजोबांच्या नावच्या एखाद्या नोंदीवर ठरलं.

पहिली वेळ १९२१ ची. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधायला घेतलं आणि मुळशी खोऱ्यातली ५२ गावं बुडीतात धरली गेली. हे आंबेमोहोर भाताचं खोरं. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिलं. १९२४ पर्यंत लढा टिकला आणि हरला. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट धरणाची नाही, मालकीची आहे. खोऱ्यातली बरीच जमीन तोवर कर्जापोटी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेली होती. कसणारा मावळा, राबणारा मावळा, सत्याग्रहात तुरुंगात जाणाराही मावळा. पण दप्तरात मालक म्हणून नाव सावकाराचं. कंपनीशी मोबदल्याची बोलणी करायला सावकार तयार झाले. त्यांचा पैका वसूल होत होता.

आता या दोघांच्या नातवांचा विचार करा. पुण्यातल्या सावकाराच्या हाती आलेली रक्कम शाळेत, कॉलेजात, वाड्यात, व्यापारात बदलायला शहरात वाटा होत्या. कुळाच्या हाती मालक म्हणून काही आलंच नाही. खाचर गेलं, आणि त्याबरोबर त्या खाचरात कोणत्या आठवड्यात लावणी करायची, पाणी कुठून फोडायचं हे पिढ्यांचं ज्ञानही निरुपयोगी झालं. ते ज्ञान दुसऱ्या गावच्या मातीत चालत नाही.

शेवटी कागदच ठरवतो, ही गोष्ट कुणब्यांना ठाऊक नव्हती असं नाही. १८७५ च्या मे महिन्यात याच पुणे जिल्ह्यात, सुप्याला, शेतकऱ्यांनी सावकारांवर धाव घेतली, तेव्हा त्यांनी मुख्यतः मागितले ते रोखे. ते मिळाले की चव्हाट्यावर जाळायचे. दख्खनच्या दंग्यांचा इतिहास वाचताना हे पुन्हा पुन्हा दिसतं. हिशेबाचा कागद शिल्लक राहिला तर तो आपल्याला आणि आपल्या नातवालाही पुरून उरेल, हे त्यांना पक्कं कळत होतं.

दुसरी वेळ कुळकायद्याची. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसत असलेलं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांची कहाणी या तारखेपासून वळते. आजोबा कूळ, बाप मालक, नातू शिकलेला, अशी साखळी गावोगाव सांगता येते. पण मुळशीच्या बुडीत गावांतल्या कुळांना हा कायदा छत्तीस वर्षं उशिरा आला. त्यांच्या खाचरांवर पाणी होतं. धरणाच्या भिंतीखालच्या गावात राहणारं कूळ मालक झालं, भिंतीवरच्या गावातलं झालं नाही. दोघांची जात एक, मेहनत एक, बोली एक. फरक पडला तो आजोबांचं शेत नदीच्या कोणत्या उंचीला होतं याने. आजोबांचा परिणाम बापात दिसतो की वेगळा येतो, हा विद्वानांचा वाद इथे किती अपुरा पडतो पाहा. इथे बापाच्या हातात काहीच नव्हतं.

मालकी मिळाली म्हणजे ती टिकली असं मात्र नाही. हिंदू कायद्यातल्या मिताक्षरेच्या नियमाप्रमाणे वडिलोपार्जित जमिनीत नातवाचा हक्क जन्मतःच तयार होतो. बापाला मृत्युपत्र करून तो हक्क काढून घेता येत नाही. म्हणून आपण ‘वडिलोपार्जित’ आणि ‘स्वकष्टार्जित’ असे दोन वेगळे शब्द वापरतो. कायद्याने मान्य केलेला हा आजोबांचा थेट वारसा आहे. पण हाच नियम जमिनीचे तुकडेही पाडतो. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली. आज हिंजवडीच्या वाटेवर जिथे इमारतींची दाटी दिसते, तेच ते पवनेकाठचं गाव. मान यांच्या हिशेबाने तिथे १७७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर होते. १८१८ साली साडेसतरा राहिले आणि १९१४-१५ साली ७ एकर. दीडशे वर्षांत काही चोरीला गेलं नाही, कुणी आळशी झालं नाही. वाटण्या झाल्या. सातबाऱ्यावर पोटहिस्से वाढत गेले आणि भावकीतली बोलणी बांधावरच्या भांडणांवर आली. आजोबांचा रुपया चार आण्यांवर आणायला इथे भावंडांची संख्याच पुरली.

मग तिसरी वेळ आली. एकोणीसशे नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हिंजवडी, माण, मारुंजीच्या शिवारात राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभं राहू लागलं. दुसऱ्या बाजूला पौड रस्त्याने भूगाव, भुकूम, पिरंगुट, लवळे इथपर्यंत बंगले, कारखाने, विद्यापीठं आली. वाटण्यांनी गुंठ्यांवर आलेली जमीन एकाएकी सोन्याची झाली. पिकाच्या हिशेबाने जी वरकस, नाचणीवरीची माळरानं कुणी फुकट घेतली नसती, त्यांना गिऱ्हाइकं आली. विसार, साठेखत, कुलमुखत्यारपत्र हे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागले.

या काळात जमीन विकलेल्या तरुणांसाठी पुण्याने ‘गुंठामंत्री’ हा शब्द काढला. मला तो शब्द आवडत नाही. शहराला ज्यांची जमीन हवी होती त्यांच्याच अंगावर शहराने तो फेकला. २०१८ साली आलेल्या प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने जमीन गेलेल्या घरातल्या मुलाची वाताहत सगळ्या महाराष्ट्रासमोर मांडली, आणि तालुक्याचं नाव त्या गोष्टीशी जोडलं गेलं. त्यातली तळमळ खरी आहे. पण प्रश्न तरुणांच्या स्वभावाचा कमी आणि वारशाच्या रूपाचा जास्त आहे. जमीन दर वर्षी थोडंथोडं देते आणि विकायला भावकीच्या सह्या लागतात. रोकड एकदाच येते आणि एका सहीने जाते. लग्न, गाडी, दोन मजली घर, मित्राच्या धंद्यात भागीदारी, आजारपण; एका पिढीत संपते. नातवाचा जन्मसिद्ध हक्क जमिनीत होता, गाडीत नाही.

याच जिल्ह्यात दुसरं उदाहरण आहे, म्हणून हे ठामपणे म्हणता येतं. हडपसरजवळ मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन कुणाला विकली नाही. सतीश मगर यांच्या पुढाकाराने ती एकत्र करून स्वतःचीच कंपनी काढली. ज्याची जमीन जेवढी, तेवढे त्याचे भाग. शहर उभं राहिलं, तरी मालकी भागांच्या रूपाने घरात राहिली. नातवाला उसाचं शेत मिळालं नाही, पण शेतासारखंच दर वर्षी काही देणारं, सहजासहजी मोडता न येणारं असं काहीतरी मिळालं. मग मुळशीत हे का झालं नाही? माझं उत्तर असं, की मगरपट्ट्याच्या मागे कालव्याच्या पाण्यावरची बागायती शेती होती, एकाच भावकीचा सलग पट्टा होता. मुळशीच्या डोंगरउतारावर यातलं काहीच नव्हतं. म्हणजे एकत्र येण्याची ताकद हीसुद्धा आजोबांकडूनच आली होती.

वाटणीने कमी न होणारा वारसाही असतो. मुंबईच्या डबेवाल्यांमध्ये मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरचे लोक भरलेले आहेत. १८९० च्या सुमारास महादू हवाजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं असं सांगतात. तेव्हापासून नवा माणूस गावातून, नात्यातून येतो. आजोबांनी आणलेला पुतण्या, पुतण्याने आणलेला भाचा. आजोबांची मुंबईतली ओळख तीन नातवांनी वापरली म्हणून तिचे तीन तुकडे होत नाहीत. ती वापरल्याने वाढते. शिक्षणाचंही तसंच. चीनच्या ग्रामीण भागात झेंग आणि शिए यांनी २०१४ साली दाखवून दिलं, की शिकलेले आजी-आजोबा एकाच घरात राहत असतील तर नातवंडांच्या शाळेवर त्यांचा परिणाम आईवडिलांइतका ठळक दिसतो. वेगळे राहणाऱ्या आजी-आजोबांचा तो फारसा दिसत नाही. आपल्याकडे हे पटायला अभ्यास लागू नये. पिरंगुटच्या कारखान्यात किंवा हिंजवडीच्या कंपनीत आईवडील पाळीवर जातात तेव्हा मुलाचा अभ्यास आजीसमोर होतो. ती स्वतः शाळेत गेली होती की नाही, हा तिचा खाजगी इतिहास राहत नाही. नातवाच्या वहीत तो उतरतो.

मानही वाटणीने लवकर आटत नाही. पाटीलकी, कुलकर्णीपण, देशमुखी ही वतनं कायद्याने गेली. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने, गावकामगारांची कनिष्ठ वतनं १९५८ च्या, पाटीलकी १९६२ च्या. तरी होळीत पहिली पोळी कुणाची आणि पालखीला पहिला खांदा कुणाचा, हे अनेक गावांत आजही आजोबांच्या वतनावरून ठरतं. त्याच गावात महार वतनाची बाजू आठवावी लागते. गावाची पडेल ती कामं करायची आणि त्या बदल्यात तुटपुंजी जमीन. ही बेडी मुलाला, नातवाला जन्मतःच पडत होती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते यासाठीच. वारसा सगळ्यांना मिळतो; एकाला पोळीचा मान मिळतो, दुसऱ्याला वेठ.

आणि आजही, जून-जुलैत, प्रवेशाच्या दिवसांत, कुठल्याही तालुक्याच्या कचेरीसमोर उभं राहून पाहा. जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची तर इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचा. २००७ साली जन्मलेल्या मुलीचा बाप १९६७ साली बहुधा जन्मलेला नसतो. म्हणजे तिच्या इंजिनिअरिंगच्या जागेसाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला लागणार. वंशावळ लिहायची, शाळेची जुनी रजिस्टरं उघडायची, जन्ममृत्यूचं कोतवाल बुक शोधायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा हे सगळ्यांच्या लक्षात आलं. बऱ्याच जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. नातू पदवीधर असला तरी स्वतःच्या पणजोबांचं नाव त्याला वाचता येत नाही. मोडी वाचणाऱ्याला बोलवावं लागतं.

मुळशीच्या डोंगरात कातकरी आहेत. मासेमारी, कोळसा पाडणं, वीटभट्टी, शेतमजुरी यांवर जगणारी ही आदिम जमात. पाडा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर, त्यामुळे घराखालची जमीनही आपली नाही. आजोबा शाळेत गेले नाहीत, म्हणून दाखला नाही. जमीन नव्हती, म्हणून सातबारा नाही, फेरफार नाही. ज्यांच्यासाठी आरक्षण सर्वांत आधी हवं, त्यांच्याकडेच ते सिद्ध करणारा आजोबांचा कागद नसतो. कार्यकर्ते आणि काही कळकळीचे अधिकारी पाड्यापाड्यावर शिबिरं लावून दाखले काढून देतात. माझ्या मते या तालुक्यात आज चाललेल्या कामांत याहून मोलाचं काम फार थोडं असेल. कारण आज कातकरी मुलाच्या नावाने निघालेला दाखला त्याच्या एकट्याचा नसतो. त्याच्या नातवाला तो आजोबांचा दाखला म्हणून दाखवता येणार असतो.

या सगळ्या लेखात आजोबाच आले, आजी फारशी आली नाही, कारण दप्तरात ती नव्हती. महाराष्ट्राने १९९४ साली, केंद्राच्या अकरा वर्षं आधी, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला. हिंजवडीचे भाव चढत असताना हा कायदा अमलात होता, आणि त्या काळात बहिणींच्या हक्कसोडपत्रांवर सह्या घेतल्या जात. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करत. आजोळचा वारसा तिथेच थांबे. शहाण्या घरांनी बहिणींना वाटा दिलाही, पण वहिवाट सहीची होती.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नोंदीत राज्य सरकारने मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम सक्तीचा केला आहे. त्या वर्षी पौडला किंवा माणला जन्मलेल्या मुलांना नातवंडं होतील तेव्हा २०८० साल जवळ आलेलं असेल. वंशावळ लिहायला त्या नातवंडांतलं कुणी जुनी नोंद मागवेल, आणि त्या नोंदीत पणजीचं नाव असेल.